हृदयाची भिंत आणि शेकडा सहाचा हिशेब

लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात डोनाल्ड टीअर नावाचे शवचिकित्सक होते. अचानक किंवा संशयास्पद मृत्यू आलेल्यांची तपासणी हे त्यांचे रोजचे काम. पुढे १९७३ साली ब्रूस लीच्या मृत्यूची हाँगकाँगला चौकशी झाली, तेव्हा साक्षीला बोलावले गेलेले तज्ज्ञ हेच. त्यांनी १९५८ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये एक लेख लिहिला. त्यात आठ तरुण माणसांच्या हृदयांचे वर्णन होते. सर्वांत धाकटा १४ वर्षांचा, सर्वांत थोरला ४४ वर्षांचा, आणि आठांपैकी सात जण अचानक गेलेले. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा एका बाजूने बेसुमार जाड झालेला होता. सूक्ष्मदर्शकाखाली स्नायूंचे तंतू ओळीने न दिसता विस्कटलेल्या गवताच्या पेंढीसारखे दिसत होते. ही एक प्रकारची गाठ असावी की काय, अशीही शंका टीअर यांना आली होती.

आज या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात. या लेखात मी त्याला ‘जाड भिंतीचा आजार’ म्हणेन. मोठ्या माणसांत तो पाचशेत एकाला असतो, असा अंदाज अमेरिकेतल्या १९९५ सालच्या एका पाहणीतून निघाला आणि पुढे बराच काळ तोच वापरला गेला. मुलांमध्ये मात्र हृदयस्नायूचे सगळे आजार मिळून वर्षाला लाखात साधारण एक नवा रुग्ण सापडतो. त्यात हृदय पसरट होण्याचा प्रकार सर्वांत जास्त आढळतो, जाड भिंतीचा त्याखालोखाल. म्हणजे आजार दुर्मीळ आहे. पण ज्या घरात तो येतो त्या घराला लाखाशी काही देणेघेणे नसते.

मी डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, आणि नोकरीची पंचवीस वर्षे विम्याच्या हप्त्यांच्या तक्त्यांत गेली. जोखीम या शब्दाशी माझी ओळख तिथली. जनुकशास्त्र मी नंतर, ग्रंथालयातून आणि खुल्या नियतकालिकांतून, स्वतःच शिकत गेलो. या लेखाचा विषय या दोहोंच्या सीमेवरचा आहे : एखाद्या मुलाच्या हृदयाची भिंत जाड आहे हे कळल्यावर, त्याच्या जिवाला किती धोका आहे हे आकड्यांत सांगता येते का? आणि जनुकतपासणीने तो आकडा किती पक्का होतो?

कोआटिकुकचा शाप

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात कोआटिकुक नावाचे गाव आहे. तिथल्या एका फ्रेंच वंशाच्या घराण्यात धडधाकट माणसे ऐन उमेदीत कोसळून मरत. गावाने त्याला ‘कोआटिकुकचा शाप’ असे नावच देऊन टाकले होते. माँट्रियलचे डॉक्टर पीटर पारे यांनी या घराण्याच्या पिढ्यांचा माग काढला आणि १९६१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आजार पिढ्यान्‌पिढ्या उतरत होता, बाईपुरुष असा भेद करत नव्हता, आणि बाधित व्यक्तीच्या मुलांपैकी सरासरी निम्म्यांत दिसत होता. बाधित आईबापांकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी, असा वारशाचा हा सरळ प्रकार.

तीसएक वर्षांनी हेच घराणे हार्वर्डच्या क्रिस्टीन आणि जोनाथन सीडमन या दांपत्याच्या प्रयोगशाळेला उपयोगी पडले. १९८९ साली दोषाचा पत्ता चौदाव्या गुणसूत्रापर्यंत आणि १९९० साली नेमक्या जनुकापर्यंत लागला. हे जनुक मायोसिन या प्रथिनाचा आराखडा सांभाळते. हृदयाचा स्नायू आकुंचन पावतो तो मायोसिनच्या वल्ह्यांनी. हे प्रथिन म्हणजे १९३५ मण्यांची माळ आहे, आणि कोआटिकुकच्या घराण्यात त्यातला फक्त ४०३ वा मणी बदललेला होता. आर्जिनिनच्या जागी ग्लुटामिन. गावाने ज्याला शाप म्हटले त्याची लांबी एवढीच निघाली.

पुढे १९९५ साली मायोसिनला जागेवर बांधून ठेवणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाचे जनुक सापडले. त्याचे नाव एमवायबीपीसी-३. ज्यांच्यात जनुकीय कारण सापडते अशा रुग्णांपैकी बहुतेकांचा दोष या दोन जनुकांपैकी एकात असतो.

कुलवृत्तांतातल्या गाळलेल्या जागा

पारे यांच्यासारखा माग आपल्याकडे काढायचा तर कसा काढणार? महाराष्ट्रात कुलवृत्तांतांची परंपरा मोठी आहे. अनेक घराण्यांनी दहा-बारा पिढ्यांच्या वंशावळी छापल्या आहेत. मी त्यातल्या काही या दृष्टीने चाळल्या. मूळ गाव, गोत्र, इनाम, नोकरी, लेखन हे सगळे त्यांत सापडते. मृत्यूचे कारण क्वचित. ‘अल्पवयात वारले’ एवढ्यावर भागवलेले असते. आणि सर्वांत मोठी त्रुटी अशी, की लेक सासरी गेली की तिची शाखा तिथेच थांबते. जाड भिंतीचा आजार तर मुलींकडूनही तितकाच पुढे जातो. त्यामुळे आत्याच्या नातवाचे शाळेच्या मैदानावर पडणे आणि चुलत आजोबांचे विहिरीवर पाणी शेंदताना जाणे यांचा एकमेकांशी संबंध असू शकतो, हे कोणत्याच वहीत दिसत नाही.

डॉक्टर आज तीन पिढ्यांची वंशावळ मागतात तेव्हा माहेर-सासर दोन्हीकडची मागतात. ‘बुडून गेला’, ‘फीट येऊन गेला’, ‘झोपेत गेला’ असल्या जुन्या नोंदींचाही तपशील त्यांना हवा असतो, कारण अचानक थांबलेले हृदय घराच्या आठवणीत बऱ्याचदा याच नावांनी राहते.

मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे

प्रौढाची हृदयभिंत १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड असली की निदानाकडे बोट जाते. मुलांत असा एकच आकडा चालत नाही. तान्ह्या बाळात ८ मिलिमीटरची भिंतही फार जाड ठरेल. म्हणून मुलाच्या उंची-वजनाला साजेशी सरासरी जाडी किती, आणि याची भिंत त्या सरासरीपासून किती पायऱ्या दूर, असे मोजतात. या मापाला झेड-स्कोअर म्हणतात. अंगणवाडीत बाळाचे वजन वयाच्या तक्त्यावर मांडतात, त्याच जातीचे हे माप.

दुसरा फरक कारणांचा. मधुमेही आईच्या नवजात बाळाची भिंत जाड असू शकते, आणि ती काही महिन्यांत आपोआप उतरते. नूनन सिंड्रोममध्ये कारण वेगळ्याच जनुकांत असते. पाँपे नावाच्या आजारात एक विकर नसल्यामुळे साखरेचा साठा स्नायूंत तुंबतो. त्यावर २००६ पासून बाहेरून विकर देण्याचा उपचार मान्य आहे. आपल्या २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पाँपेचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम त्यासाठीच्या मान्यताप्राप्त केंद्रांपैकी एक आहे. परंतु प्रत्येक रुग्णामागे मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये, आणि उपचार जन्मभराचा.

पसरट हृदयाच्या बाबतीतही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. लंडनमध्ये २००८ साली अशा सोळा तान्ह्या बाळांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला, ज्यांचे हृदय ड जीवनसत्त्वाच्या आणि त्यापायी कॅल्शियमच्या कमतरतेने निकामी होऊ लागले होते. सगळी बाळे भारतीय उपखंडातील किंवा कृष्णवर्णीय कुटुंबांतली होती. तिघे दगावले, पण कारण लक्षात आल्यावर बाकीच्यांची हृदये सावरत गेली. रक्ताच्या साध्या तपासण्या आधी, आणि जनुकांची महागडी तपासणी नंतर, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा.

शेकडा सहा

आता मुख्य प्रश्न. जाड भिंतीच्या आजारात जीव जातो तो बहुधा हृदयाच्या ठोक्यांची लय एकाएकी बिघडून. यावर उपाय आहे. मिशेल मिरोवस्की या वॉर्सात जन्मलेल्या डॉक्टरांच्या गुरूंना १९६६ साली असाच मृत्यू आला. त्या धक्क्यातून त्यांनी शरीरात बसवायचा डिफिब्रिलेटर बनवण्याचा ध्यास घेतला. १९८० च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तो पहिल्यांदा एका रुग्णात बसवला गेला. लय बिघडली की हे यंत्र आतूनच विजेचा झटका देऊन ती पूर्ववत करते.

मग प्रत्येक बाधित मुलाला हे यंत्र का बसवू नये? कारण मूल वाढते आणि यंत्राच्या तारा वाढत नाहीत. त्या ताणतात, तुटतात, बदलाव्या लागतात. जंतुसंसर्ग होतो. काही वर्षांनी बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. आणि पळताना नाडी वेगाने चालली की यंत्राची गफलत होऊन विनाकारण झटका बसू शकतो. असा झटका शुद्धीवर असताना खाल्लेले मूल पुन्हा पळायलाच घाबरते. तेव्हा यंत्र कोणाला, हे ठरवण्यासाठी धोक्याचा आकडा लागतो.

प्रौढांसाठी असे सूत्र २०१४ साली ३६७५ रुग्णांच्या माहितीवरून तयार झाले. सोळा वर्षांखालील मुलांना ते लागू नव्हते. मुलांसाठीचे सूत्र २०१९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील गटाच्या पुढाकाराने आले. ३९ केंद्रांमधल्या १ ते १६ वर्षांच्या १०२४ मुलांची माहिती त्यामागे होती. ते पाच गोष्टी विचारते : मूल कारणाशिवाय कधी बेशुद्ध पडले आहे का, भिंतीच्या जाडीचा झेड-स्कोअर, डाव्या वरच्या कप्प्याच्या रुंदीचा झेड-स्कोअर, रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवर किती दाबाचा अडथळा आहे, आणि चोवीस तासांच्या नोंदीत ठोक्यांची वेगवान साखळी दिसली का. यावरून पुढच्या पाच वर्षांतला धोका टक्क्यांत निघतो. आकडा सहा किंवा अधिक आला तर यंत्राचा विचार करावा, असे सुचवले गेले.

हा शेकडा सहा नीट समजून घेऊ. अभ्यासकर्त्यांचाच हिशेब असा, की सहा टक्क्यांवरच्या दर दहा मुलांना यंत्र बसवले तर पाच वर्षांत त्यांतल्या एकाचा जीव वाचू शकेल. उरलेली नऊ मुले ती पाच वर्षे यंत्र छातीत वागवतील आणि त्याची गरज पडणार नाही. ही नऊ कोणती, हे आधी सांगता येत नाही.

सूत्राची पारख कितपत? एक असे मूल घ्या ज्याला पुढे झटका आला, आणि एक ज्याला आला नाही. सूत्राने पहिल्याला अधिक धोका दाखवला तर ते बरोबर. अशा शंभर जोड्या घेतल्या तर हे सूत्र साधारण ६९ वेळा बरोबर ठरते. नाणेफेक ५० वेळा बरोबर ठरली असती. ६९ हे ५० पेक्षा नक्कीच मोलाचे आहे. पण ते १०० नाही.

चार वर्षांपूर्वी आमच्या परिचयातल्या एका कुटुंबात नऊ वर्षांच्या मुलाचे निदान झाले. आकडा पाचच्या आसपास आला होता. मुलाचे वडील कागद घेऊन माझ्याकडे आले, कारण मी विम्यातला माणूस. त्यांनी विचारले, “काका, हे पाच टक्के म्हणजे माझ्या मुलाचे किती?”

यापेक्षा नेमका प्रश्न मी कोणत्याही निबंधात वाचलेला नाही. मी त्यांना जे सांगितले ते असे : हे पाच टक्के तुमच्या मुलाच्या अंगात नाहीत. या पाच गोष्टींत तुमच्या मुलासारख्या असलेल्या शंभर मुलांचा गट कल्पा. त्या गटाचा हा आकडा आहे. तुमचा मुलगा त्या शंभरांत बसलेला आहे, आणि तो पाचांत की पंच्याण्णवांत हे सूत्राला माहीत नाही. विमा कंपनीचे एवढ्यावर भागते, कारण तिच्याकडे शंभरच्या शंभर असतात. बापाकडे एकच असतो. म्हणून निर्णय सूत्र घेत नाही. डॉक्टर आणि आईबाप सूत्र समोर ठेवून घेतात. आणि हा आकडा कायमचा नाही. मूल वाढेल तशी भिंत, कप्पा, ठोके पुन्हा मोजायचे आणि हिशेब नव्याने करायचा. त्यांच्या डॉक्टरांनीही तेच सुचवले होते. यंत्र त्या वेळी बसवले नाही; दर सहा महिन्यांनी तपासणी ठरली.

जनुक काय सांगते, काय सांगत नाही

त्या वडिलांची पुढची अपेक्षा स्वाभाविक होती : जनुकतपासणी केली तर आकडा पक्का होईल ना? याचे उत्तर २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका सूत्रात आहे. टोरंटोच्या सिककिड्स रुग्णालयाच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात ५७२ मुले होती. त्यांनी सूत्र दोन तऱ्हांनी बांधले, एकदा जनुकाच्या माहितीशिवाय आणि एकदा तिच्यासह. वर सांगितलेली जोड्यांची पारख पहिल्यात शंभरात ७५ आली, दुसऱ्यात ७६. जनुकाने भर घातली ती एवढीच.

याच अभ्यासात आणखी एक चमत्कारिक गोष्ट निघाली. घरात पूर्वी कोणी अचानक गेले आहे का, या माहितीचा बाधित मुलाच्या धोक्याशी संबंध आढळला नाही. आजी पहिला प्रश्न तोच विचारते, आणि निदानासाठी तो अगदी योग्य प्रश्न आहे. पण ‘आजार आहे का’ आणि ‘आजारात जीव जाईल का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजोबा अचानक गेले म्हणून नातू तसाच जाईल, असे ही आकडेवारी म्हणत नाही. ज्या घरांत हे ओझे पिढ्यान्‌पिढ्या मनावर असते तिथे एवढे वाक्य पोहोचले तरी पुष्कळ.

मग जनुकतपासणीचा उपयोग कोणाला? मुख्यतः भावंडांना. बाधित मुलात रोगकारक बदल नक्की सापडला, तर तोच बदल भावंडांत आहे का हे पाहता येते. नसेल तर त्या मुलाची वर्षानुवर्षांच्या एकोतून सुटका होते. असेल तर लक्षणांआधीच नजर ठेवता येते. पण बदल असूनही भिंत कित्येक वर्षे, कधी जन्मभर, जाड होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे.

एखाद्या घराण्यात दोन्हीकडून एकच दोष आला तर चित्र पालटते. ओहायोतील जिऑगा परगण्यातल्या आमिश समाजात, जिथे लग्ने आपसांतच होतात, काही बाळांना एमवायबीपीसी-३ च्या दोन्ही प्रती सदोष मिळाल्या. आईबाप हिंडतेफिरते, बाळे मात्र पहिल्या वर्षातच गेली किंवा त्यांना हृदयारोपण लागले. मामेबहिणीशी लग्नाची चाल ज्या समाजांत आहे त्यांनी ही माहिती तुच्छतेचा शेरा म्हणून न घेता सावधगिरीची सूचना म्हणून घ्यावी.

सहा कोटी लोक आणि पंचवीस अक्षरे

आता आपल्या अंगणातली गोष्ट. मदुराईचे धांडापाणी, हैदराबादच्या सीसीएमबीचे थंगराज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये दाखवले, की याच एमवायबीपीसी-३ जनुकातली २५ अक्षरे गळालेली असण्याचा प्रकार भारतीय उपखंडात सुमारे चार टक्के लोकांत आहे. म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने जवळपास सहा कोटी. हृदयविकाराशी त्याचा संबंध असल्याचेही त्यांनी मांडले. शंभर पानांच्या लग्नपंगतीत सरासरी चार जणांना लागू होणारी ही बातमी होती.

पण २०२० साली फेरतपासणी झाली. दिसले असे, की ज्यांच्याकडे ही गळती आहे त्यांतल्या थोड्यांकडेच, त्याच जनुकात, शेजारी आणखी एक दुर्मीळ बदल असतो. जाड भिंतीच्या आजाराशी असलेल्या संबंधाचा मोठा भाग त्या शेजाऱ्याचा होता. नुसत्या गळतीचा धोका फार कमी निघाला. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात, तसे सहा कोटींचे झाले होते. पहिले संशोधन वाया गेले असे नव्हे. त्याच्याच आधाराने दुसरे उभे राहिले.

अशीच फेरतपासणी अमेरिकेत २०१६ साली झाली होती. पूर्वी रोगकारक ठरवलेले काही बदल कृष्णवर्णीयांत सर्रास आढळणारे आणि निरुपद्रवी निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांत जवळपास सगळे गोरे होते, म्हणून हा घोळ झाला. थोडे कृष्णवर्णीय लोक घेतले असते तरी तो टळला असता. आपल्या अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो, त्यामागेही एक मोठे कारण हेच आहे की जगाच्या संग्रहात आपण कमी आहोत. २०२० साली सुरू झालेल्या जीनोम इंडिया प्रकल्पात दहा हजारांवर भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, हे त्या दृष्टीने चांगले पाऊल. अनिश्चित शेरा म्हणजे दोषी नव्हे आणि निर्दोषही नव्हे. काही वर्षांनी तो पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

अहवाल घरात आल्यावर

मी ज्या क्षेत्रात होतो तिथला एक निवाडा इथे नोंदवतो. जाड भिंतीचा हाच आजार असलेल्या दिल्लीतील एका विमाधारकाचा दावा ‘जनुकीय आजार वगळले आहेत’ या कलमावर नाकारला गेला. दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये हे सरसकट कलम संदिग्ध आणि समानतेच्या हक्काला बाधा आणणारे ठरवले. लगोलग विमा नियामकानेही असे दावे केवळ या कलमावर नाकारू नयेत, असे कंपन्यांना कळवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत आरोग्यविमा आणि नोकरी यांत जनुकीय भेदभावाला मनाई करणारा कायदा २००८ पासून आहे. मुलाची तपासणी करायला कचरणाऱ्या आईबापांच्या मनात अहवालापेक्षा त्याच्या परिणामांची भीती जास्त असते, हे मी जवळून पाहिले आहे. कायदा स्पष्ट असेल तर मुले वेळेवर तपासली जातील.

ज्यांच्या घरी हा प्रश्न आला आहे त्यांनी डॉक्टरांना चार गोष्टी जरूर विचाराव्यात. बरे होऊ शकणारे कारण शोधून झाले का? धोक्याचा आकडा मुलांच्या सूत्राने काढला की मोठ्यांच्या? तो पुन्हा केव्हा काढायचा? आणि भावंडांची तपासणी कधी सुरू करायची? पूर्वी ती दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवत असत. आता घरात निदान झाल्यावर त्याआधीही सुरू करण्याकडे कल आहे.

ही दोन्ही सूत्रे परदेशांतल्या केंद्रांच्या नोंदींतून बांधली गेली. आपल्या मुलांच्या भिंती, ठोके, जनुके आणि पुढे त्यांचे काय झाले याची सलग नोंद ठेवली गेली, तर शेकडा सहा ही रेघ आपल्यासाठी बरोबर आहे की पाच किंवा आठ हवी, हे सांगता येईल. त्यासाठी रुग्णालयांनी नोंदी एकत्र करायला हव्यात आणि कुटुंबांनी तपासण्या मध्येच सोडू नयेत. आणि ज्यांच्या घरी कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, त्यांनी लेकींच्या शाखा आणि मृत्यूची कारणे यांसाठी दोन रकाने वाढवावेत, अशी माझी विनंती आहे.